आईचे जन्मगाव आणि सातबारा



सहकुटुंब सहली काढण्याची प्रथा आपल्या समाजात आता चांगली रुजली आहे. परंतु वयस्कर आईवडिलांना त्यांच्या जन्मगावी नेताना आपण नेमके काय पाहायला जातो, याविषयी मी दोन शब्द बोलणार आहे.

गेल्या मे महिन्यात आम्ही घरची सात माणसे भाड्याच्या गाडीने कोकणात गेलो. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी ज्याचे पाणी ओंजळीत घेतले, ते महाडचे चवदार तळे मुलांना दाखवले. पुढे मंडणगड तालुक्यात बाबासाहेबांचे मूळ गाव आंबडवे पाहिले. (जन्मगाव मात्र महू, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे. परीक्षेत अनेकजण चुकतात.) त्याच तालुक्यात माझ्या आईचे जन्मगाव आहे. आई आज 78 वर्षांची. 1963 साली लग्न होऊन ती मुंबईला आली आणि भाऊ वारल्यापासून गावाकडे फिरकली नव्हती. बाईचे माहेर भाऊ असेपर्यंतच, अशी आपल्याकडची रीत!

बौद्धवाडीत तिच्या घराचे चिऱ्याचे जोते तेवढे शिल्लक होते. त्यावर करवंदीची जाळी माजलेली. आईला रडू येईल असे आम्हा सर्वांना वाटले. ती रडली नाही. नातवंडांना घेऊन थेट पऱ्ह्यावर गेली आणि वरचा पाणवठा गावाचा, खालचा आपला, असे हात करून दाखवू लागली. वर गुरे धुतली की तेच पाणी खाली येई. सातवीतल्या माझ्या मुलीने विचारले, "आजी, मग तुम्ही वर का नाही गेलात?" आई म्हणाली, "गेलो की. माझ्या बापाच्या वेळेला नाय, भावाच्या वेळेला गेलो."

पऱ्ह्यापलीकडे भाताची खाचरे होती. "ही आमची महारकीची," आई म्हणाली. मुलांना काही कळले नाही. बंधूंनो, आपल्यातल्या किती मोठ्यांना तरी ते कळते? गावाची आणि सरकारची रात्रंदिवस राबणूक करायची, त्याबदल्यात हे वतन. त्या जाचातून समाजाला सोडवण्यासाठी बाबासाहेबांनी 1928 सालीच मुंबईच्या कायदेमंडळात विधेयक मांडले होते. वतने रद्द झाली ती 1958 च्या कायद्याने. ठरलेली रक्कम भरणाऱ्यांना जमीन परत मिळाली, पण नवीन शर्तीने. म्हणून ती जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय विकता येत नाही. गावोगाव फिरणाऱ्या दलालांना हे पक्के ठाऊक असते, आपल्याला नसते.

मी बँकेतला कारकून. सातबारे रोज हाताखालून जातात. मुंबईला परतल्यावर त्या खाचरांचा उतारा काढला, जुना फेरफार मिळवला. आजोबा 1971 साली वारले, तेव्हा वारस म्हणून एकट्या मामाचे नाव चढले होते. मामांच्या पश्चात त्यांच्या मुलांची चढली. आईचे नाव कुठेच नाही. वास्तविक 1956 चा वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे आणि वडिलांच्या हिश्शात मुलगी मुलाच्या बरोबरीची वारस आहे. आईने कधी हक्कसोड लिहून दिलेले नव्हते. तिला कोणी विचारलेच नव्हते.

घरात यावरून बरीच चर्चा झाली. धाकट्या भावाचे म्हणणे, गुंठ्या-दोन गुंठ्यांसाठी नाती कशाला तोडायची? त्याचेही खोटे नाही. शेवटी आईच म्हणाली, "मला काय आता भात लावायचाय? पण बापाची लेक म्हणून नाव तरी लागू दे." आम्ही तलाठ्याकडे वारस नोंदीचा अर्ज दिला. हितसंबंधितांना नोटीस निघते आणि हरकत घेण्यास 15 दिवस मिळतात. चौदाव्या दिवशी हरकत आली.

सुनावणी आता मंडळ अधिकाऱ्यांपुढे आहे. आई स्वतः जाणार आहे. यावेळी एस.टी.ने जायचे, असे तिने ठरवले आहे आणि कागदांची पिशवी नातीकडे दिली आहे. ज्या भगिनींना आपल्या माहेरचा उतारा पाहायचा असेल त्यांनी गावाचे नाव, तालुका आणि गट नंबर घेऊन रविवारी सकाळी मला भेटावे. गट नंबर नसला तरी वडिलांच्या नावावरून शोधता येतो.

जयभीम.