चिकाचे कवच आणि वराहपालनाचे अर्थकारण

डुकराचे पिल्लू जवळजवळ प्रतिपिंडांविनाच जन्मते. मानवी अर्भकास आईची प्रतिपिंडे वारेतून जन्मापूर्वीच मिळतात. डुकराच्या वारेची रचना मात्र त्यांना गर्भापर्यंत पोहोचू देत नाही. पिल्लाला ती चिकातूनच घ्यावी लागतात आणि साधारण २४ ते ३६ तासांत आतड्याची ही ग्रहणक्षमता संपते. विणीतील अशक्त पिल्लू आचळापाशी मागे पडले, की ते कवचाविनाच राहते.

आसामातील लहान वराहपालकाच्या दृष्टीने ही बाब जीवशास्त्रापुरती मर्यादित नाही. २०१९ च्या पशुगणनेत देशात ९०.६ लाख डुकरे होती. त्यांतील सुमारे २१ लाख एकट्या आसामात. अनेक घरांत दोन-चार जनावरे हीच अडीअडचणीची बचत असते. तिच्यावर घाला घालतो तो स्वाइन फीव्हर हा विषाणुजन्य रोग. (स्वाइन फ्लू निराळा, परीक्षार्थींनी गल्लत करू नये.) याची जुनी लस सशांच्या प्लीहेपासून तयार होई, एका सशापासून जेमतेम ५० मात्रा मिळत. २०२० मध्ये भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेची पेशीसंवर्धनावर आधारित लस आली आणि ही मर्यादा बरीच दूर झाली.

गाभण राहण्यापूर्वी मादीला दिलेली एक मात्रा चिकावाटे संपूर्ण विणीचे रक्षण करते. इतकी काटकसरीची गुंतवणूक पशुसंवर्धनात विरळाच! परंतु हे कवच उसने असते. पिल्लाच्या रक्तातील प्रतिपिंडे दर दोन आठवड्यांत जवळपास निम्मी होतात. ती भरपूर असताना लस टोचली तर ती निष्प्रभ ठरते; फार उशीर केला तर पिल्लू उघडे पडते. म्हणून लसीकरण साधारणतः दीड ते दोन महिन्यांच्या वयात करतात.

नेमक्या याच वयात दूध तुटलेले पिल्लू बाजारात जाते. खर्च विकणाऱ्याचा, लाभ घेणाऱ्याचा. शिवाय लस टोचली आहे की नाही, हे पिल्लू पाहून कळत नाही. पाठ्यपुस्तकातील ‘माहितीची विषमता’ ती हीच. कानातील बिल्ला व लसीकरणाची नोंद यांमुळे लस दिलेल्या पिल्लाला वेगळा भाव मिळू शकेल. निव्वळ मोफत लस पुरवून ही दरी बुजणार नाही. २०२० मध्ये भारतात शिरलेल्या आफ्रिकन स्वाइन फीव्हरवर तर चिकाचाही भरवसा नाही, कारण केवळ प्रतिपिंडांनी तो रोखला जात नाही. तेथे बाजारातील जनावरांच्या ये-जा करण्यावरच नजर ठेवावी लागते.