आईची भाषा, आठवड्याला एक तास

आज बोलायचं आहे ते तैवानमधल्या काही घरांविषयी. १९९० नंतर तिथे व्हिएतनाम, इंडोनेशिया अशा देशांतल्या हजारो मुली लग्न होऊन आल्या. २००३ साली तर तिथल्या तीन लग्नांपैकी जवळजवळ एका लग्नात जोडीदार बाहेरचा होता. त्यात चीनमधून आलेल्याही धरल्या आहेत.

व्हिएतनामहून आलेल्या बाईला आई झाल्यावर घरून आणि बरेचदा शाळेतूनही एकच सल्ला मिळे : मुलाशी चिनीतच बोल, नाहीतर ते मागे पडेल. ती स्वतः चिनी नुकती शिकत असायची. म्हणजे रागवायचं, समजूत काढायची, ती मोडक्यातोडक्या भाषेत. मूल शाळेत जाऊ लागलं, की तेच आईच्या चुका काढायचं. सासूची धास्ती निराळीच. ही पोराच्या कानात काय सांगते, ते आपल्याला कळायचं कसं? २००४ मध्ये तर तिथल्या एका शिक्षण उपमंत्र्यांनी, या वधूंनी फार मुलं होऊ देऊ नयेत, असं जाहीरपणे सुचवलं होतं!

या सल्ल्यापायी हरवलं काय? व्हिएतनामी घरात 'मी' आणि 'तू' सहसा नसतातच. मूल आईशी बोलताना स्वतःला 'कॉन' म्हणतं, म्हणजे लेकरू. दक्षिणेकडची आईही 'मी येते' म्हणत नाही, 'मा येते' म्हणते. आजोबा, मामा, थोरली बहीण, ज्याच्यासमोर बोलाल त्याप्रमाणे 'मी'साठीचा शब्द बदलतो. चिनीत साऱ्यांसमोर एकच 'वो'. इंग्रजी शाळेत जाणाऱ्या नातवाला 'अहो आजोबा' म्हणायला शिकवताना ज्यांची दमछाक झाली आहे, त्यांना यातली हळहळ वेगळी सांगायला नको.

२०१९ मध्ये तैवानात नवा अभ्यासक्रम लागू झाला. प्राथमिक शाळेत स्थानिक भाषांसाठी जो तास असतो, त्यात आता व्हिएतनामी, इंडोनेशियन, थाई अशा आणखी सात भाषांतून एखादी घेता येते. आठवड्यातून चाळीस मिनिटं. एवढ्यानं मूल बोलू लागेल, असं मला वाटत नाही. पण सुनेची भाषा वेळापत्रकात छापून आली, की सासूला निदान ती घरात बोलू नकोस म्हणणं जड जातं. आडगावच्या शाळेत शिक्षक मिळाला नाही, तर पडद्यावरून थेट तास घेतात. शिकवणाऱ्यांत अशा आयाच पुष्कळ आहेत. नोकरी कायम नाही, पैसे तासांवर. त्यामुळे एक तास इथे, दुसरा पलीकडच्या शाळेत, अशी दिवसभर पायपीट चाललेली असते.