चांद्याचा कोळसा आणि मालवणचे प्रवाळ

पानाच्या तबकात चुन्याची डबी नाही असे महाराष्ट्रीय घर पूर्वी क्वचितच आढळे. त्या डबीतला थोडा चुना पाण्यात कालवून रात्रभर ठेवला, की सकाळी वर स्वच्छ निवळी येते. ती काचेच्या पेल्यात घेऊन नळीने तीत फुंकीत गेले, तर ती दुधासारखी पांढरी होते. उच्छ्वासातील कर्बाम्ल वायू, ज्याला आजची पाठ्यपुस्तके कार्बन डाय-ऑक्साइड म्हणतात, चुन्याशी संयोग पावतो व चुनखडीचे सूक्ष्म कण तयार होतात. शाळेतला प्रयोग बहुधा येथेच थांबतो. परंतु फुंकणे तसेच चालू ठेवले, तर काही वेळाने एक नवल दिसते. पांढरे पाणी पुन्हा निवळू लागते! ज्या वायूने चुनखडी घडविली, त्याच वायूचा अतिरेक झाला की ती विरघळते. समुद्रातील प्रवाळांवर आज जे संकट ओढवले आहे, त्याचे अर्धे मर्म या पेल्यात आहे.

हा वायू येतो कोठून, हे पाहण्यासाठी समुद्रापासून दूर, चंद्रपूर व गडचिरोली या अरण्यमय जिल्ह्यांकडे वळले पाहिजे. जुन्या पिढीचा चांदा जिल्हा तो हाच. गडचिरोली 1982 साली त्यातून वेगळा झाला. या भूमीच्या पोटात कर्बाची दोन पुरातन भांडारे आहेत. एक वर्धा नदीच्या खोऱ्यातील कोळसा. सुमारे 28 कोटी वर्षांपूर्वीच्या दलदलीतील वनस्पतींचा तो ठेवा होय. दुसरे राजुरा-कोरपन्याकडील चुनखडक. प्रवाळ पृथ्वीवर अवतरण्यापूर्वीच्या समुद्रात तो साचला. वरोड्याला कोळशाची खाण निघाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात. आज चंद्रपूरच्या औष्णिक विद्युत् केंद्राची क्षमता 2920 मेगावॅट आहे, आणि गडचांदूर, आवारपूर, घुग्घूस येथे सिमेंटच्या भट्ट्या पेटलेल्या असतात.

रसायनशास्त्राचा हिशेब येथे मोठा सरळ आहे. 12 किलो कर्ब पूर्ण जळला म्हणजे 44 किलो कर्बाम्ल वायू होतो. आणि 100 किलो शुद्ध चुनखडी भाजली तरी तितकाच वायू सुटतो. चांद्याच्या नद्यांचे पाणी प्राणहिता व गोदावरी यांच्या वाटेने एकट्या बंगालच्या उपसागरास मिळते. चांद्याच्या धुरांड्यातला वायू मात्र जगातल्या सर्व समुद्रांस मिळतो. अर्थात् जगातील असंख्य भट्ट्यांपैकी या थोड्या आहेत. तथापि त्या सर्वांनी मिळून हवेतील या वायूचे प्रमाण दहा लक्ष भागांत 280 होते ते 420 च्या वर नेले आहे. मनुष्य जेवढा वायू सोडतो, त्याचा सुमारे चौथा हिस्सा समुद्र पिऊन टाकतो. त्यामुळे आम्लता मोजण्याच्या पीएच मापावर समुद्राच्या पृष्ठभागाचा आकडा 8.2 वरून 8.1 वर आला. फरक क्षुल्लक भासतो. परंतु या मापाची घडण अशी आहे, की एवढ्या उतारात आम्लकारक कणांची संख्या सुमारे एक-चतुर्थांशाने वाढते. समुद्र आंबट झाला असे नव्हे. त्याचा क्षार उतरत आहे.

आता पश्चिम किनारा. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर जिवंत प्रवाळ आहेत. 1987 साली तेथे मालवण सागरी अभयारण्य जाहीर झाले. अंगठीतले तांबडे पोवळे या प्रवाळांचे दूरचे नातलग असले तरी ते मुख्यत्वे भूमध्य समुद्रातले. मालवणचा प्रवाळ हा वाटीसारख्या मऊ, चिमुकल्या प्राण्यांचा समूह असून प्रत्येक प्राणी आपल्या देहाखाली चुनखडीचा सांगाडा रचतो. देह आणि सांगाडा यांच्यामध्ये पाण्याचा अतिशय पातळ थर कोंडलेला असतो. त्या थरातील आम्लकण प्राणी सतत बाहेर फेकतो. तेव्हाच तेथे चुनखडीचे स्फटिक जमतात. विहिरीचे पाणी खोल गेले, म्हणजे मोटेच्या बैलांना अधिक कष्ट पडतात. तद्वतच बाहेरच्या पाण्यात आम्लकण वाढले, की या जीवाला तेवढ्याच चुन्यासाठी अधिक शक्ती वेचावी लागते.

याचा परिणाम डोळ्यांना चटकन दिसत नाही. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात आढळले, की पाण्याच्या आम्लतेचा परिणाम प्रवाळाच्या उंचीवर नव्हे, तर सांगाड्याच्या घनतेवर होतो. वाढ चालू, पण हाडे पोकळ. अशा सांगाड्याला लाटांनी व चुनखडी कोरणाऱ्या जीवांनी फोडण्यास वेळ लागत नाही.

संकटाचे उरलेले अर्धे मर्म उष्णतेत आहे. प्रवाळाच्या देहात सूक्ष्म शैवाल भाडेकरूसारखे राहते आणि सूर्यप्रकाशात अन्न तयार करून यजमानाच्या गरजेचा बहुतेक भाग भागविते. उन्हाळ्यातील नेहमीच्या कमाल तापमानाहून पाणी एखाद्या अंशाने जरी काही आठवडे तापले, तरी हा संसार मोडतो. शैवाल बाहेर पडते आणि प्रवाळ पांढरा पडतो. लक्षद्वीपात 1998, 2010 व 2016 साली असे घडले. मालवणलाही प्रवाळ पांढरे पडल्याची नोंद आहे. 2023 पासून जगभर अशी चौथी लाट आली. ऐन वेळी जास्त बळ हवे आणि त्याच वेळी कोठारातले धान्य संपावे, अशी ही दुहेरी कोंडी होय.

मग हे नुकसान भरून निघणारे आहे काय? ऑस्ट्रेलियाच्या वन ट्री बेटाजवळ संशोधकांनी प्रवाळांवरून वाहणाऱ्या पाण्यात क्षार मिसळून त्याची रासायनिक स्थिती यंत्रयुगापूर्वीच्या समुद्राजवळ नेली. तेव्हा तेथील चुनखडीची रचना सुमारे 7 टक्क्यांनी वाढली, असे त्यांनी 2016 साली प्रसिद्ध केले. म्हणजे प्रवाळाची कला नष्ट झालेली नाही; तिला साजेसे पाणी उरलेले नाही. पण साऱ्या महासागरात क्षार ओतणे हे एका प्रवाळभित्तीवरच्या प्रयोगाइतके सोपे नव्हे.

येथे दोष खाणीत उतरणाऱ्या मजुराचा नव्हे. चंद्रपूरची वीज पडघ्यापर्यंत नेणारी 752 किलोमीटरांची वाहिनी 1999 साली सुरू झाली. तिच्या दुसऱ्या टोकाशी मुंबईकडील घरांतले दिवे आहेत. आणि मालवणच्या खडकांवरचे प्रवाळ ढासळले, की त्यांच्या आडोशाने वाढणारी मासळी व तिच्यावर जगणारा मच्छिमार यांची झीज प्रथम होते. गडचिरोलीचे अरण्य आपल्या खोडांत व मातीत पुष्कळ कर्ब धरून ठेवते, आणि मेंढा-लेखाच्या ग्रामसभेने 2009 साली सुमारे 1800 हेक्टर वनावरील सामूहिक हक्क मिळवून ते राखण्याची जबाबदारीही घेतली आहे. परंतु 28 कोटी वर्षांचा पुरलेला कर्ब शे-दीडशे वर्षांत उधळला, तर कोणतेही अरण्य तो सगळा पुन्हा पोटात घेऊ शकणार नाही.

पेल्यातली चुनखडी विरघळू लागल्यावर उपाय एकच असतो, आणि तो लहान मुलासही कळतो. फुंकणे थांबवावयाचे. फरक इतकाच, की पेल्यावरची नळी एका मुलाच्या ओठांत असते. समुद्रावरची नळी घराघरांतील विजेच्या बटनापाशी येऊन पोहोचली आहे.