गळ टाकण्यापूर्वी पाणी ओळखा
(हौशी गळकऱ्यांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा गोषवारा)



सुटीच्या दिवशी गळ घेऊन नदीवर वा तलावावर जाणाऱ्यांचा पहिला प्रश्न असतो, "मासा कोठे मिळेल?" माझे उत्तर असे, की आधी मासा ठरवा, मग जागा आपोआप ठरते. प्रत्येक जातीचे पाणी वेगळे, अन्नही वेगळे.

आपल्या जलाशयांतील परिचित मासे म्हणजे कटला, रोहू आणि मृगळ. तिघे एकाच तलावात नांदतात; परंतु कटल्याचे तोंड वर वळलेले असते व तो वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात, तर मृगळ तळाशी. म्हणून एकाच काठावर बसूनही गळाची खोली बदलावी लागते. दोऱ्याचे बूच थोडे वर-खाली सरकविले, की जणू दुसऱ्याच जागी गेल्यासारखे होते.

मरळ हवा असेल तर खोल पाणी सोडा. ती हवेतूनही श्वास घेते. त्यामुळे पाणवनस्पतींनी भरलेली उथळ, संथ डबकी तिला मानवतात. वाम दिवसा दगडांच्या सांदीत वा वाळूत दडून असते आणि रात्री बाहेर पडते. शिंगाळा तळाशी वावरतो. त्याचे काटे सांभाळूनच गळ सोडवावा. भीमेवरील उजनी जलाशयात चिलापी मुबलक आहे. नवशिक्यांनी तिच्यापासून आरंभ करावा.

महासीराची गोष्ट निराळी. सायक्स या अभ्यासकाने 1839 मध्ये दख्खनच्या महासीराचे शास्त्रीय वर्णन केले, ते पुण्याजवळच्या मुळा-मुठेतील माशावरून. त्याला स्वच्छ, वाहते, खडकाळ पाणी लागते. धावत्या प्रवाहाखालचे डोह ही त्याची घरे. पाणी अडले, गढूळ झाले, की तो तेथून नाहीसा होतो. लोणावळ्यानजीक वळवण येथे 1970 च्या दशकापासून त्याचे बीज तयार केले जात आहे. महाडजवळ वाळणकोंड येथे काळ नदीच्या डोहातील महासीर तर ग्रामस्थांनीच देवीचे मानून राखले आहेत. तेथे गळ नेऊ नये, नुसते पाहावे.

जागा निवडताना जागा सोडण्याचेही भान हवे. पावसाळ्यात नदीला लोंढा आला, की कटला, रोहू, मृगळ प्रवाहाविरुद्ध चढून अंडी घालतात. त्या दिवसांत अंड्यांनी भरलेली एक मादी गळाला लागली, तर पुढील हंगामाचे लाखो जीव एका क्षणात संपतात. मरळीची जोडी आपल्या पिलांच्या थव्याची राखण करते. राखणदार उचलला, की थवा इतर माशांच्या तोंडी जातो. तांबूस पिलांचा पुंजका दिसताच दोरा गुंडाळावा. सुरुंग व विषाने मासे मारणे 1897 च्या कायद्यानेच गुन्हा ठरविले होते. तरीही असे प्रकार दिसल्यास गप्प बसू नये.

आणखी दोन गोष्टी. अनेक जलाशयांतील मासेमारीचा हक्क मच्छीमार सहकारी संस्थांकडे असतो. तेथे प्रथम परवानगी घ्यावी. आपला विरंगुळा हा त्यांच्या चुलीचा प्रश्न आहे. दुसरे, धरणाखालच्या पात्रात विसर्गाची चौकशी केल्यावाचून उतरू नये. दरवाजे उघडल्यावर कोरड्या खडकावर परतायलाही वेळ मिळत नाही.

माशाची सवय ओळखणारा रिकाम्या हाताने आला, तरी पाण्याविषयी काही शिकूनच येतो. आपल्या नद्यांना अशा जाणत्या गळकऱ्यांची गरज आहे. ते काम आपण अंगावर घ्यावे, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.