खेळाची रंगीत तालीम



गावात नाटक बसवणाऱ्या मंडळींना रंगीत तालीम म्हणजे काय, हे सांगायला नको. पोशाख चढलेले असतात, दिवे लागलेले असतात, पेटीवाला जागेवर बसलेला असतो. पण तिकीटविक्री अजून सुरू झालेली नसते. समोर चार जाणती माणसं बसवायची आणि नाटक कुठं अडखळतं ते पाहायचं. संगणकावरचे नि मोबाइलवरचे खेळ जे लोक तयार करतात, त्यांच्याकडेही अशी तालीम असते. तिला ते ‘बीटा’ म्हणतात. ग्रीक मुळाक्षरांतलं हे दुसरं अक्षर. पहिलं अल्फा, म्हणजे कागद हातात धरून केलेली वाचन-तालीम समजा. मात्र एक मोठा फरक आहे. नाटकाची तालीम आपल्या डोळ्यांसमोर होते; खेळाची तालीम दुसऱ्याच्या घरी, त्याच्या यंत्रावर, आपण समोर नसताना होते. तिथं काय बिघडलं ते कळायला हवं, आणि आपण केलेली दुरुस्ती परत त्याच्या घरी पोचायला हवी. हा कच्चा खेळ द्यायचा कसा आणि बदलत राहायचा कसा, याविषयी आज थोडं बोलायचं आहे.

विषय शहरी आहे, असं काहींना वाटेल. पण स्क्रॅच, गोडो अशी साधनं आता फुकट मिळतात, आणि खेड्यातल्या शाळेतलं मूलही त्यांच्या आधाराने खेळ तयार करू शकतं. माझ्या ओळखीच्या एका गुरुजींनी आठवीच्या चार मुलांना हाताशी धरून असाच एक खेळ केला. बैलगाडीत माल भरून बाजाराला निघायचं, वाटेत ओढा, चढण, चिखल. माल न सांडता पोचायचं. एकूण वीस टप्पे. पहिली आवृत्ती शाळेच्या संगणकावर तयार झाली आणि व्हॉट्सअ‍ॅपने घरोघरच्या मोबाइलवर गेली. मुलं खूष. पंधरा दिवसांत तक्रार आली, की सातव्या टप्प्यात गाडी कधीकधी ओढ्यात रुतते ती निघतच नाही. गुरुजींनी दिवाळीच्या सुट्टीत आपल्या घरच्या संगणकावर ती चूक दुरुस्त केली आणि नवी फाइल पाठवून दिली.

ती कुणाच्याच मोबाइलवर चढेना. मग कुणीतरी तोड सांगितली: जुना खेळ काढून टाका, मग नवा चढतो. तसा तो चढलाही. पण जुन्याबरोबर जतन केलेलं सारं गेलं. सहावीतली एक मुलगी अठराव्या टप्प्यापर्यंत पोचली होती. मोबाइल वडिलांचा, ते शेतावरून आल्यावर संध्याकाळी तासभर हातात मिळायचा. तेवढ्यात तिने अठरा टप्पे गाठले होते, आणि खेळातल्या सर्वांत जास्त चुका वहीत लिहून आणणारीही तीच होती. ती पुन्हा पहिल्या टप्प्यावर आली. गुरुजी मला म्हणाले, “पोर भांडली असती तर बरं झालं असतं हो. तिने खेळच सोडला. वहीही आणत नाही.”

असं का झालं? चूक मुलांची नव्हती, आणि म्हटलं तर गुरुजींचीही नव्हती. अँड्रॉइडच्या मोबाइलवर चढणाऱ्या प्रत्येक खेळावर तयार करणाऱ्याचा एक शिक्का असतो. तो ज्या किल्लीने उमटतो, ती किल्ली एका छोट्या फाइलीत असते. नवी आवृत्ती आली की मोबाइल पाहतो: नाव तेच आहे का, शिक्का तोच आहे का, आणि क्रमांक आधीच्यापेक्षा कमी तर नाही ना? शिक्का जुळला तर जुन्यावर नवं बसतं आणि जतन केलेलं जागच्या जागी राहतं. जुळला नाही तर मोबाइल नकार देतो. यात शहाणपण आहे. नाहीतर कुणीही तुमच्या खेळाच्या नावाने भलतंच काही तुमच्या मोबाइलवर चढवील. आता, नवशिक्याने स्वतःची किल्ली केली नसेल तर साधन सरावापुरती एक किल्ली वापरतं, आणि ती त्या त्या संगणकावर वेगळी तयार होते. शाळेच्या संगणकाची एक, घरच्या संगणकाची दुसरी. एवढ्याने अठरा टप्पे बुडाले!

तेव्हा शिक्षक बंधुभगिनींनो, पहिली फाइल वर्गाबाहेर जाण्यापूर्वीच स्वतःची किल्ली करा. तिची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन शाळेच्या कपाटात ठेवा आणि परवलीचा शब्द वेगळ्या जागी लिहून ठेवा. दाखल्याचा शिक्का जपता तशी जपा, मुलांच्या हाती देऊ नका.

आता जरा दूरच्या मुलखात जाऊ. स्वीडनमध्ये स्टॉकहोम इथं मार्कुस पर्सन नावाचा एक गृहस्थ दिवसा नोकरी सांभाळून फावल्या वेळात एक खेळ तयार करत होता. चौकोनी ठोकळ्यांचं जग. खणावं, रचावं, घर बांधावं. 17 मे 2009 रोजी त्याने तो अगदी कच्च्या स्वरूपात लोकांपुढे ठेवला. हाच पुढे माइनक्राफ्ट म्हणून जगभर गेला. महिनाभरातच, जून 2009 मध्ये, त्याने तो विकायला सुरुवात केली. किंमत सुमारे 10 युरो, म्हणजे पूर्ण झाल्यावर जी आकारायची तिच्या निम्मी. आणि वर शब्द दिला, की आज जो घेईल त्याला पुढच्या सगळ्या आवृत्त्या फुकट. 20 डिसेंबर 2010 ला खेळ बीटात आला. किंमत 15 युरोंच्या घरात गेली, आणि यापुढच्या गिऱ्हाइकांना तो सरसकट शब्द मिळणार नाही, हेही त्याने आधीच सांगून टाकलं. 18 नोव्हेंबर 2011 ला पूर्ण खेळ आला. पण त्याच्या दहा महिने आधीच, जानेवारी 2011 मध्ये, दहा लाख प्रती खपल्या होत्या. अपुऱ्या मालाला एवढं गिऱ्हाईक! आमच्या बाजारात कच्च्या आंब्याला पिकल्या आंब्याचा भाव कोण देतो? इथं भावच कच्च्याचा होता, आणि तो कच्चा आहे हे विकणारा उघड सांगत होता.

वाटप त्याने स्वतःच्या संकेतस्थळावरून केलं. मध्ये दुकानदार नव्हता. विकत घेणाऱ्याच्या नावाची नोंद संकेतस्थळावर राही आणि घरच्या संगणकावर एक छोटा चालक-कार्यक्रम बसे. तो दर वेळी विचारून घेई, ‘नवं काही आहे का?’ असलं तर उतरवून घेई. 2010 साली काही काळ दर शुक्रवारी काय येणार हे न सांगताच नवी भर पडत असे, आणि लोक शुक्रवारची वाट पाहत. बाजाराचा वार ठरलेला असावा तसं.

मात्र सगळंच सुरळीत झालं असं समजू नका. सप्टेंबर 2011 मध्ये बीटाची 1.8 ही आवृत्ती आली, तिने जमीन घडवण्याची रीतच बदलली. जुन्या जगात तुम्ही फिरलेला भाग होता तसा राहिला, पण त्यापलीकडची नवी जमीन नव्या रीतीने उगवली. दोन्ही जिथं भेटत तिथं मध्येच सरळसोट कडा उभा राही, नदी भिंतीपाशी तुटे. हौसेने बांधलेल्या गावाच्या शिवेवर असा कडा पाहून पुष्कळांना वाईट वाटलं. पण गाव शाबूत होतं. त्याच वर्षी फेब्रुवारीत जतन करण्याची पद्धत बदलली, तेव्हाही जुनी जगं नव्या पद्धतीत उतरवून देण्याची सोय आवृत्तीतच ठेवली होती. पुढे 2013 मध्ये तर खेळाडूला हवी ती जुनी आवृत्ती निवडून खेळण्याचीही मुभा मिळाली. माझ्या मते माइनक्राफ्टच्या वाढीत या गोष्टीचा वाटा फार मोठा आहे. खेळाची चूक माणूस हसून सोडतो. आपलं घर पाडलेलं सोडत नाही.

त्याच्याही आधी, 10 डिसेंबर 1993 ला, अमेरिकेत डूम हा खेळ आला तेव्हा पहिला भाग मोकळा सोडला होता: घ्या, मित्रांना वाटा, आवडला तर पुढचे भाग विकत घ्या. विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या यंत्रावर तो ठेवला गेला आणि उतरवणाऱ्यांची गर्दी यंत्राला सोसेना. पण हातोहात गेलेल्या प्रतीला दुरुस्ती आपण होऊन पोचत नाही. खेळाडूने ठिगळ शोधून आणून स्वतः लावायचं. व्हॉट्सअ‍ॅपवरून दिलेल्या आपल्या खेळाची गत आजही तीच असते.

मग द्यावा तरी कुठून? थोडी माणसं असतील, वर्गातली, ओळखीची, तर हातोहात देण्यात काही वावगं नाही. फक्त कुणाकडे कोणती प्रत आहे, हे वहीत लिहा. संगणकाच्या खोलीत पेनड्राइव्हने देत असाल तर जतन केलेली प्रगती खेळाच्याच फोल्डरात राहू देऊ नका. नवा फोल्डर जुन्यावर टाकला की ती पुसली जाते. स्क्रॅचचा खेळ त्यांच्याच संकेतस्थळावर ठेवला की प्रश्न सुटतो, कारण तिथं प्रत एकच. तुम्ही बदललीत की सर्वांना बदललेलीच दिसते. इच डॉट आयओ नावाचं एक ठिकाण आहे, 2013 पासून चालतं. खेळ ठेवायला पैसे पडत नाहीत, पानाला परवलीचा शब्द लावून मोजक्यांनाच आत घेता येतं, आणि फक्त बदललेला तुकडा चढवण्याची सोय आहे. पुस्तक पुन्हा छापण्याऐवजी शुद्धिपत्र चिकटवतात ना, तसंच. खेड्यात जिथं इंटरनेटची धार बारीक, तिथं हा हिशेब मोठा.

गूगलच्या दुकानात नोंदणीचे 25 डॉलर एकदाच भरावे लागतात. तिथं नव्या खेळांची मुख्य किल्ली गूगलच सांभाळतं, हा एक फायदा. मात्र नोव्हेंबर 2023 नंतर उघडलेल्या व्यक्तिगत खात्यांना आधी सलग चौदा दिवस ठरावीक माणसांकडून चाचणी करून घेण्याची अट घातली गेली. आधी वीस माणसं, डिसेंबर 2024 पासून बारा. बारा माणसं जमवणं शाळेला काय जड! स्टीम हे संगणकावरच्या खेळांचं मोठं दुकान; एका खेळाला 100 डॉलर. तिथं मार्च 2013 पासून अपुरा खेळ अपुरा म्हणूनच विकण्याची स्वतंत्र सोय आहे. शाळकरी खेळाला एवढ्या थोरल्या बाजारपेठेत घाईने नेऊ नये, असं मला वाटतं. पहिल्या आठवड्यातली वाईट मतं पुढे पुसत नाहीत.

स्टीमवरची एक रीत मात्र उचलण्यासारखी आहे. प्रागच्या मंडळींनी केलेला फॅक्टोरिओ हा खेळ 2016 पासून 2020 पर्यंत तिथं अपुऱ्या स्वरूपात विकला जात होता. त्यांनी दोन वाटा ठेवल्या: एक पक्की, एक प्रयोगाची. ज्याला नवं लगेच हवं आणि खड्डे सोसतात, त्याने प्रयोगाच्या वाटेने जावं. बाकीच्यांनी पक्कीवर राहावं. प्रयोगवाल्यांनी खड्डे दाखवले, ते बुजवले, की तीच आवृत्ती पक्की व्हायची.

आमच्या गुरुजींनी आता हेच केलं आहे. चार मुलांना प्रयोगाची प्रत मिळते, तीही दर शनिवारी. बाकीच्यांना महिन्याने. खेळ उघडला की पहिल्याच पडद्यावर क्रमांक नि तारीख दिसते. नाहीतर ‘गाडी रुतते’ म्हणणारा कोणत्या प्रतीबद्दल बोलतो, ते कळायचं कसं? खाली दोन ओळी असतात: काय बदललं, आणि कुणाच्या सांगण्यावरून. जतन केलेल्या फाइलीत ती कोणत्या आवृत्तीची आहे याचा आकडा घातला आहे, आणि नवी आवृत्ती ती वाचण्याआधी तिची एक नक्कल बाजूला काढून ठेवते.

शिवाय खेळात एक नवी पाटी आली आहे: ‘कोणत्या टप्प्यापासून सुरुवात करायची?’ ज्यांची प्रगती बुडाली, त्यांनी वहीतला आपला टप्पा गुरुजींना दाखवायचा आणि तिथून पुढे जायचं. त्या सहावीतल्या मुलीच्या घरी गुरुजी स्वतः जाऊन आले. वडील अजून शेतावर होते, मोबाइल त्यांच्याकडेच होता. गुरुजी ओसरीवर दिवेलागणीपर्यंत थांबले. मोबाइल आला, खेळ चढला, अठरावा टप्पा उघडला. मुलीने गाडी ओढ्यापर्यंत नेली, थांबवली, आणि म्हणाली, “गुरुजी, इथं बैलाची सावली उलट पडते.”

मग ती वही शोधायला आत गेली.