राजवाडा तुरुंग झाला, परकोट मात्र आपला

कोल्हापूरला छत्रपतींचा नवा राजवाडा आहे. १८७७ ते १८८४ या काळात बांधलेला. आज तिथे वस्तुसंग्रहालय आहे. तिकीट काढून कोणतीही बाई राजाचा दरबार पाहू शकते.

आपल्या चंद्रपुरातही गोंडराजांचा राजवाडा होता. १७५१ मध्ये राज्य नागपूरकर भोसल्यांकडे गेलं, पुढे इंग्रजांकडे. राजवाड्याच्या जागी तुरुंग झाला, आणि आजही तिथे जिल्हा कारागृह आहे. याच तुरुंगात २१ ऑक्टोबर १८५८ ला इंग्रजांनी वीर बाबुराव शेडमाके यांना फाशी दिली. त्या दिवशी आजही लोक तिथे अभिवादनाला जमतात.

मग आपण पाहायचं काय? पाहायचा परकोट. इरई आणि झरपट नद्यांच्या काठचं हे शहर गोंडराजांनी दगडी तटाने वेढलं. चार दरवाजे: जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा. पाच खिडक्या: हनुमान, विठोबा, चोर, बगड आणि मसण. इथे खिडकी म्हणजे लहान दरवाजा, पायी जाणाऱ्यांचा. दरवाज्यावर मान वर करून पाहा. हत्तीवर झेपावलेला सिंह दिसेल. ती गोंडराजांची निशाणी.

अंचलेश्वर दरवाज्याजवळ राजा बीरशाहची समाधी आहे. ती राणी हिराईने बांधली. १७०४ मध्ये राजा मारला गेला. दत्तक मुलगा रामशाह लहान होता. हिराई रडत बसली नाही, तिने राज्याचा कारभार हाती घेतला. चैत्रात आपण ज्या महाकालीच्या यात्रेला जातो, ते देऊळही तिनेच बांधलं असं सांगतात. दर्शन घेताना किती जणींना तिचं नाव आठवतं?

संग्रहालयात वस्तू जपायला पगारी माणूस असतो. परकोटाला तसं कोण? तटावर झुडपं वाढतात, मुळं दगड फोडतात, काही जण कचरा टाकतात. २०१७ पासून शहरातल्या स्वयंसेवकांनी महिनोन्‌महिने श्रमदान करून तट मोकळा केला. आपल्या गटांनी काय करावं? यात्रेला गेलो की एक तास जास्तीचा काढावा. मुलींना समाधी दाखवावी, हिराईची गोष्ट सांगावी. दगडावर नाव कोरू देऊ नये, तटाचा दगड कोणी उचलत असेल तर टोकावं.

राजवाड्याचं दार आपल्याला बंद आहे. जटपुरा दरवाजा मात्र रात्रंदिवस उघडा आहे. जय सेवा!