अंगावर पाजणाऱ्या मातेचीं सौंदर्यप्रसाधनें

बारसें आटोपतें, पाहुणे परततात, आणि मग बाळंतीण प्रथमच निवांतपणें आरशांत पाहते. गालांवर वांग पसरलेले, हनुवटीवर पुटकुळ्या, मान काळवंडलेली! ह्यांत तिचा कांहींच अपराध नसतो. गर्भारपणांत शरीरांतील अंतःस्रावांचें प्रमाण पालटतें आणि त्वचेंतील रंगद्रव्य वाढतें. गोंदिया जिल्ह्यासारख्या प्रखर उन्हाच्या, धानाच्या मुलखांत तें अधिकच उठून दिसतें. प्रसूतीनंतर कांहीं महिन्यांत हे डाग बहुधा आपोआप फिकट होतात. पण तेवढा धीर धरूं देईल तर तें घर कसलें! "आमची सून किती उजळ होती," हे शब्द कानीं पडतात, आणि बाजारांतून एखादी डबी घरांत येते.

त्या डबीला दोन प्रश्न विचारावे. आंतील द्रव्य त्वचेंतून रक्तांत शिरतें काय? शिरलें तर तें दुधांत उतरण्याचा संभव असतो. आणि तें बाळाच्या तोंडास वा अंगास लागेल काय? ह्या कसोटीस उतरणारीं औषधें आहेत. पुटकुळ्यांवरील ॲझेलेइक आम्ल रक्तांत अत्यल्प शिरतें. तें गव्हांत व जवांतही असतेंच. बेन्झॉइल पेरॉक्साइड, किंवा थोड्या जागेपुरतें सॅलिसिलिक आम्ल, ह्यांसही डॉक्टर सहसा हरकत घेत नाहींत. वांगांवर पहिला उपाय म्हणजे ऊन अडविणारें झिंक ऑक्साइडचें मलम. लेसरनें केस काढले तर प्रकाश कांहीं दुधांत उतरत नाहीं; मात्र त्यापूर्वीं बधिर करणारें मलम अंगभर चोपडूं नये. यांपैकीं कांहींही स्तनांवर लावूं नये, आणि हात धुतल्यावांचून बाळास घेऊं नये. हळद-बेसनाचें उटणें बिचारें निरुपद्रवी. त्यानें कोणी गोरें झाल्याचें मीं पाहिलेलें नाहीं, हा भाग निराळा.

हायड्रोक्विनोन मात्र लावलेल्याच्या तिसऱ्या हिश्शाहूनही अधिक अंगांत मुरतें. दूध सुटेपर्यंत तें दूर ठेवलेलें बरें. रेटिनॉइडांचीं मलमें डॉक्टर ह्या काळांत सहसा टाळतात. आइसोट्रेटिनॉइनच्या गोळ्या तर वर्ज्यच. सुरकुत्यांवरील बोट्युलिनमच्या सुयांचा स्तनदा मातांविषयींचा अनुभव अजून थोडा आहे. त्या वर्षभर थांबल्या तर कांहींच बिघडत नाहीं. अशा एखाद्या उपचारासाठीं बाळाचें दूध तोडण्याचा विचार कोणी सुचविला तर तो उपचारच पुढें ढकलावा.

परंतु खरें भय ह्या नांवाजलेल्या औषधांचें नव्हे. तें नांव नसलेल्या डबीचें आहे. गोंदियाच्याच लोहमार्गावर पश्चिमेस असलेल्या अकोल्यांतील एक प्रकरण २०२३ च्या आरंभीं वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झालें. गोरें करणारें मलम वापरून एकाच घरांतील आई व दोन मुली ह्यांची मूत्रपिंडें बिघडलीं, मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयाच्या तपासांत त्या मलमांतील पाऱ्याकडे बोट गेलें. पारा रंगद्रव्य घडविणाऱ्या विकराचें काम रोखतो, म्हणून चेहरा खरोखरच उजळतो. फसगत होते ती येथेंच. तो रक्तांत व दुधांत जातो, उशीला, टॉवेलला, आईच्या बोटांना चिकटून राहतो, आणि त्याची वाफही खोलींत पसरते. त्याचे परिणाम तान्ह्या मुलाचा मेंदू व मूत्रपिंडें ह्यांस भोगावे लागतात. भारताच्या २०२० च्या सौंदर्यप्रसाधन नियमांप्रमाणें डोळ्यांचीं प्रसाधनें वगळतां इतरांत, नकळत आलेला पाराही दहा लाख भागांत एका भागाहून अधिक चालत नाहीं. पण ज्या डबीवर बनविणाऱ्याचा पत्ताच नाहीं, तिला नियम कोण लावणार?

दुसरा छुपा पदार्थ स्टेरॉइड. २०१८ सालीं सरकारनें अशा चौदा द्रव्यांच्या मलमांस डॉक्टरांची चिठ्ठी आवश्यक केली, तरी मैत्रिणीच्या सांगण्यावरून तीं आजही चेहऱ्यास लावलीं जातात. त्वचा पातळ होते, आणि मलम सोडतांच चेहरा लाल होऊन पेटतो.

अशी डबी वापरांत असेल तर ती आजच बंद करावी, पण फेकूं नये. प्लास्टिकच्या पिशवींत घट्ट बांधून ती डॉक्टरांकडे न्यावी. गोंदियास २०१६ पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेथें त्वचारोगतज्ज्ञांस दाखवितां येईल. पाऱ्याचा संशय असल्यास आईची व बाळाची लघवी तपासतात. आणि त्या डबींतलें बोट घरांत आणखी कोणीं लावलें होतें, हेंही डॉक्टरांस सांगावें.